चुंबळीवरच्या ताटल्या

दुर्गाबाईच्या मांडणीवरच्या चार ताटल्या नाहीशा झाल्या, तेव्हा तिनं आधी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीला, मग शेजारच्या कौसल्येला आणि शेवटी, मन घट्ट करून, सासऱ्याला चोर ठरवलं. नवऱ्याचा संशय तिला आला नाही. धर्मराजला स्वतःची विजार कुठं ठेवलीय हेही बायकोला विचारावं लागे. तो ताटल्या कशाला हलवतोय?

ताटल्या साध्यासुध्या नव्हत्या. लग्नात तिच्या आईनं दिलेल्या, काठावर टिंबाटिंबांनी 'गोजरबाईकडून चि. दुर्गास' असं कोरलेलं. व्याही आले किंवा सण आला तरच त्या खाली उतरत. एरवी पुसून पुन्हा वर.

त्या तिला सापडल्या घनसावंगीच्या बसस्टँडसमोर, चांदपाशाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. ती रॉकेल घेऊन चालली होती, सहज आत नजर गेली तर तिच्या आईचं नाव टेबलावर पालथं पडलेलं. प्रत्येक ताटलीच्या पाठीला एक पितळी चकती चिकटवलेली, चकतीला वायर.

"चांदपाशाभाई, ह्या ताटल्या कुणाच्या?"

"धर्मराजच्या," चांदपाशा मान वर न करता म्हणाला. "बाजा बनून राह्यला."

"काठावर जरा वाचा की, कुणाच्या हायत ते."

त्यानं ताटली उलटून वाचलं. मग हातातली वायरीला डाग द्यायची तापलेली कांडी हळूच बाजूला ठेवली. "भाभी, आता तो तर बोलला, घरात पडून हायत."

"घरात तर मी बी पडून हाय. मला बी आणून टाका म्हणावं हितं. लावा वायरी."

संध्याकाळी धर्मराज जेवायला बसला तेव्हा तिनं भाकरी परातीत टाकली आणि परात त्याच्यापुढं सरकवली. तो काय समजायचं ते समजला.

"तुला सांगितलं असतं तर दिल्या असत्या का?"

"न्हाई."

"मंग? म्हणूनच न्हाई सांगितलं."

ती तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं सगळं सांगून टाकलं.

धर्मराज लतीफभाईंच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. हातगाड्यावर मोठा ढोल, बाजूला दोन लहान, वर झांजा, आणि मधे स्टुलावर तो. दहा वर्षं त्या स्टुलावर दुसरं कुणी बसलं नव्हतं. पण सत्त्याण्णव साली लग्नवाल्यांच्या कानाला नवी चटक लागली. त्यांना कॅसेटमधल्यासारखे आवाज पाहिजे झाले. काडी मारली की टाळी वाजणारे, काच फुटल्यासारखे, पाण्यात दगड पडल्यासारखे. त्यासाठी रबरी पॅड येत, त्यांना ऑक्टोपॅड म्हणत, आणि ते घेणं लतीफभाईंच्याही आवाक्यात नव्हतं. जालन्यातल्या एका पोऱ्याकडे मात्र ते होते. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली वरात अंकुशनगरला होती आणि वधूपित्यानं स्पष्ट सांगितलं होतं, नवे आवाज असतील तरच बँड.

"लतीफभाई काय म्हणले?" दुर्गाबाईनं विचारलं.

"म्हणले, तू बिलकुल चांगला वाजवतो धर्मराज, पण एका स्टुलावर दोघं बसत न्हाईत."

परात तशीच राहिली. दोघांच्याही मनात एकच नाव होतं, रामराव मुकादमाचं. रामराव ऊसतोडीच्या टोळ्या जमवायचा. त्याच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. बँडमध्ये जम बसायच्या आधी तीन हंगाम धर्मराज आणि दुर्गा असा एक कोयता अंकुशनगरच्या कारखान्यावर जाऊन राहिला होता. राहायला उसाच्या पाचटाची कोपी, पहाटेची थंडी, उसाच्या पानानं कापलेले हात, आणि थोरली पोरगी शाळेऐवजी धाकट्याला सांभाळत बसलेली. दुर्गाबाईनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की आपण पुन्हा अर्धा कोयता व्हायचं नाही.

"चांदपाशा म्हणला," धर्मराज सांगत होता, "पॅडमध्ये असतं काय? वर रबर, खाली चकती. घड्याळाच्या गजरात असती तीच. हैदराबादच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याचं आवाजाचं मोडकं खोकं त्यानं दुरुस्त केलंय. आता फक्त चार पॅड माझ्या ड्रमला लावायचे. तुझ्या ताटल्या काठाच्या हायत, रबर आत बराबर बसतं."

"बसू दे," दुर्गाबाई म्हणाली. "पण वाजल्या पाहिजेत. नुसत्या भोकं पडून घरी आल्या तर बघा."

ताटल्या वाजल्या. फारच वाजल्या. धर्मराजनं मोठ्या ढोलावर काठी टाकली की न मारलेली ताटली आपणहून टाळी द्यायची. झांज वाजवली की पाण्यात दगड पडायचा. चांदपाशानं खोक्याचे खटके फिरवून पाहिले. आवाज कमी केला तर मारलेलंही वाजेना, वाढवला तर न मारलेलंही वाजू लागे. हादरा ड्रमच्या लोखंडी दांड्यातून चढतो म्हणून त्यानं ताटल्या सोडवून घरात फळीवर मांडल्या, तर भिंतीपलीकडे कौसल्या उखळात मिरच्या कांडायला बसली आणि तिच्या प्रत्येक घावाला फळीवरची ताटली टाळ्या पिटू लागली.

धर्मराजचा बाप पुंजाराम दारात बसून हे सगळं बघत होता. त्यानं उभ्या जन्मात हलगी वाजवली होती, आणि पोराचा ड्रमसेटसुद्धा त्याला कधी फारसा पटला नव्हता.

"कौसल्येलाच न्या अंकुशनगरला," तो म्हणाला. "उखळ ठेवा गाड्यावर. ती बराबर तालात कांडती."

"आबा, गप बसा की," धर्मराज म्हणाला.

"मी गपच हाय. तुजं ताट बोलून राह्यलं."

लतीफभाई येऊन ऐकून गेले. त्यांनी दाढी खाजवली, दोनदा 'ठीक हाय, ठीक हाय' म्हटलं, आणि जाता जाता, जालन्याला निरोप द्यायचा की नाही ते वरातीच्या आदल्या दिवशी ठरवू, असं सांगितलं. ठीक नाही हे त्यांच्या चपला घालण्यावरूनच दुर्गाबाईला कळलं. त्याच आठवड्यात रामराव मुकादमही दारावरून गेला. टोळी केव्हाच कारखान्यावर पोचली होती, तो घरी काही कामाला आला होता. "एक कोपी रिकामी ठेवलीय," तो म्हणाला. "जल्दी न्हाई. बाजा झाला की सांगा."

आणि मग पुंजारामनं घोटाळा केला.

वरातीच्या आदल्या दिवशी सकाळी थंडी मोठी पडली होती. म्हातारा लवकर उठला आणि नातवाच्या दप्तराशेजारी मांडून ठेवलेल्या ताटल्यांकडे बघत बसला. तो आयुष्यभर एकच गोष्ट शिकला होता. थंडीत वाद्य सर्दावतं, आणि गरम केल्याशिवाय बोलत नाही. हलगी तर चार वेळा शेकावी लागते. पोराचं हे वाद्यही सर्दावलं असेल, म्हणूनच भलतंसलतं बरळत असेल, असं त्याला मनापासून वाटलं. टोमणे मारले तरी पोरगा त्याचा होता. त्यानं ताटल्या उचलल्या आणि चुलीपुढं निखाऱ्याला तोंड करून ओळीनं लावल्या.

दुर्गाबाई पाणी घेऊन आली ती वासानंच धावली. तीन ताटल्या बचावल्या होत्या. चौथीचं रबर पापडासारखं गोळा झालं होतं.

"मामा! हे काय केलं?"

"शेकलं," म्हातारा म्हणाला. तो कसनुसा झाला होता. "कातडं शेकावं लागतं ना, सुनबाई."

"कातडं कुठं हाय त्याला!"

धर्मराज उठून बसला, ताटलीकडे बघितलं आणि बापाला एक शब्द न बोलता तोंड धुवायला निघून गेला. तो ओरडला असता तर बरं, असं पुंजारामच्या तोंडावर दिसत होतं. दुर्गाबाईनं दिवाळीला घेतलेली, अजून उंबऱ्याबाहेर न नेलेली निळी स्लिपर खुंटीवरच्या पिशवीतून काढली आणि विळीवर धरली. रबर गोल कापलं, पंक्चरच्या सोल्यूशननं ताटलीत चिकटवलं. पुरलं नाही तेवढी दुसऱ्या स्लिपरची टाच घातली.

आता ताटली वाळेपर्यंत सुलटी ठेवायची होती, पण खाली पितळी चकती आणि वायर. जमिनीवर दाब पडला तर तुटणार. दुर्गाबाईनं विचारही केला नाही. डोक्यावर घागर घ्यायची चुंबळ उचलली, जुन्या लुगड्याच्या पट्टीची, वळून वळून घट्ट केलेली, आणि ताटली तिच्यावर बसवली. तळाला नाजूक असलेलं काहीही ती असंच ठेवी. मग बाकीच्या तिघींनाही तिनं चिंध्यांच्या चुंबळी करून दिल्या. एकीला पाट आणि तिघींना जमीन, हे तिला बरं दिसेना.

धर्मराजनं चारी वायरी खोक्याला जोडून एकेक ताटली काडीनं तपासली. निळ्या स्लिपरचा आवाज सगळ्यांत चांगला आला. तरी तो हसला नाही. उद्या ढोलाशेजारी काय होणार ते त्याला माहीत होतं.

पुंजाराम दारात मान खाली घालून बसला होता. तो एकदम म्हणाला, "आज हे गप का?"

"कोण?" दुर्गाबाईनं विचारलं.

"अरे, कौसल्या कांडून राह्यली ना तिकडं!"

तिघांनी कान दिला. भिंतीपलीकडे धप्, धप्, धप् चाललं होतं. भुई हादरत होती, मांडणीवरचे पेले किणकिणत होते. खोक्याचा लाल दिवा जळत होता आणि ताटल्या मुक्या होत्या.

धर्मराज उठला. त्यानं ढोल ओढून ताटल्यांना खेटून ठेवला आणि काठी हाणली. पुन्हा हाणली. फक्त ढोल वाजला. त्यानं ताटलीवर हलकेच काडी टेकवली. टाळी वाजली, एकच, पाहिजे तेव्हा.

"चांदपाशाला बोलाव," तो बायकोला म्हणाला, आणि मग स्वतःच अनवाणी पळाला.

चांदपाशानं ताटली उचलून खालची चुंबळ दाबून पाहिली. "या अल्ला," तो म्हणाला, "मी खोक्यात शोधून राह्यलो, हादरा तर बुडाखाली मारायचा होता." दुपारभर बसून त्यानं लाकडी चकत्या कापल्या, त्या ड्रमच्या दांड्यांना आवळल्या, चकतीवर चुंबळ, चुंबळीवर ताटली. सुतळीनं बांधायला मात्र त्याला जमेना. घट्ट बांधली की चुंबळ दगड व्हायची आणि ताटली पुन्हा बरळायची. दुर्गाबाईनं सैल बांधून दाखवलं. घागर हलते, पण पाणी सांडत नाही, तेवढं.

संध्याकाळी लतीफभाईंनी उभ्यानं ऐकलं, मग बसून ऐकलं. "जालन्याला निरोप न्हाई द्यायचा," ते म्हणाले. "भाभी, उद्या तुम्ही बी जीपमध्ये बसा. बँडमध्ये बाईमाणूस कधी आलं न्हाई, पण चुंबळ बांधणारा बाप्या बी मी बघितला न्हाई."

अशी दुर्गाबाई अंकुशनगरला गेली. पुंजारामला कुणी बोलावलं नव्हतं. तो हलगी कांबळ्यात गुंडाळून जीपच्या मागच्या फळीवर आधीच बसलेला होता.

वरात निघाली ती कारखान्याच्या रस्त्यानं. ऊसगाड्यांनी तो रस्ता असा खणून ठेवला होता की हातगाडा कधी डावीकडे कलायचा, कधी उजवीकडे. दुर्गाबाई गाड्याच्या बाजूनं चालत होती, डोळे सुतळीच्या गाठींवर. चाक खड्ड्यात गेलं की ती हात पुढं करायची. ढोल घुमत होता, झांजा वाजत होत्या, आणि धर्मराजची काडी जिथं पडेल तिथंच टाळी उठत होती. नवरदेवाचे मित्र काच फुटल्याच्या आवाजावर उड्या मारू लागले. एकानं वाकून ताटलीचा काठ वाचला आणि ओरडला, "अरे, ही गोजरबाई कंपनी कुठली?"

"परदेशी हाय," लतीफभाईंनी क्लॅरिनेट तोंडातून काढून सांगितलं आणि पुन्हा वाजवायला लागले.

चौकात वरात थांबली तेव्हा पुंजारामनं रस्त्याकडेचं मूठभर पाचट पेटवलं आणि हलगी शेकायला घेतली.

"आबा," धर्मराज स्टुलावरून ओरडला, "ताटल्या लांब हायत ना?"

सगळा बँड हसला. म्हातारा सगळ्यांत उशिरा हसला. कालपासून पोरगा त्याच्याशी बोलला नव्हता. मग त्यानं हलगी छातीशी धरली आणि अशी कडकडून वाजवली की धर्मराजनं ढोल सोडला, नुसत्या निळ्या ताटलीवर त्याला साथ धरली. बापाची हलगी पुढं, पोराची टाळी मागं.

पुढं पाच-सहा वर्षांनी लतीफभाईंनी खरा ऑक्टोपॅड घेतला. तो पहिल्यांदा लावला तेव्हाही धर्मराजनं त्याच्याखाली चुंबळ मागितली. ताटल्या घरी आल्या आणि रोजच्या जेवणाला लागल्या, कारण सणावारी मांडण्यासारख्या त्या राहिल्या नव्हत्या. पण त्या दिवशी ह्यातलं काही कुणाला माहीत नव्हतं. चौकाच्या कडेला ऊसगाड्या वरातीला वाट देऊन थांबल्या होत्या, बैल कान हलवत होते, आणि पहिल्या गाडीपाशी रामराव मुकादम उभा होता.

त्यानं दुर्गाबाईला ओळखलं. हात तोंडाशी धरून तो ओरडला, "दुर्गे, कोपी रिकामीच हाय! काय करू?"

"दुसरा कोयता बघा, रामरावदादा!"

"काय?"

"दुसरा कोयता बघा!"

हलगी आणि ताटल्यांच्या गदारोळात त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं कानामागे तळहात धरला. दुर्गाबाईनं पुन्हा तोंड उघडलं, आणि मग ओरडायचं सोडून नुसता हात हलवला, डावीकडून उजवीकडे, सावकाश. रामरावनं मान डोलावली आणि बैलांकडे वळला. हातगाडा पुन्हा चालू लागला होता. एका चुंबळीची गाठ सुटू पाहत होती. ती बांधायला दुर्गाबाई पुढं पळाली.