प्रोस्टेट आणि माझं धन्याचं पाणी

साठीची झाले होते, पण अक्कल सोळाचीच. आमचे हे सारखे लघवीला पळायचे. मी ठरवलं, उन्हाळी लागली, आणि धन्याचं पाणी पाजत सुटले. ते आणखीच पळू लागले. उमरखेडला भाचीचं लग्न होतं, तर म्हणाले, “मी नाही येत. एसटी दर गावाले थांबवू काय?”

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, “काकू, पुरुषांना मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. वीर्यातलं थोडं पाणी ती बनवते. वयानं वाढली की तिच्यातून जाणारी लघवीची नळी दबते.”

गोळ्यांनी गुण आला. लग्नाला निघताना, सवयीनं केलेलं धन्याचं पाणी वाया कशाला घालवा, म्हणून मीच प्यायले. दिग्रसच्या अलीकडे एसटी मलाच थांबवावी लागली.

हे खिडकीतून ओरडले, “काहून वं, तुले बी प्रोस्टेट झालं काय?”