काकांनी पटावरची घरं हलवली

मंडळी, आज दुपारी भर पावसात मी आणि माझा मित्र सुरेश यांनी महाडमध्ये माझ्या घरी छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळाचा नवा संच उघडला. त्यात दोन नव्या फौजा आहेत, एक नदीकाठची आणि एक डोंगरावरची. डोंगरवाल्यांचा व्यूह भारी आहे. सगळे कड्यावर रांगेत उभे राहतात आणि एकाच चालीत खाली कोसळतात.

थर्माकोलचा पट मी हौसेने सुरेशच्या वाडीसारखाच केला होता, उताराखालच्या घरांसकट.

सुरेशचे वडील दूध घालून इथे आले. बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी एकेक घर उचलून नदीपलीकडे ठेवलं.

"काका, हे नियमात बसत नाही," मी म्हणालो.

"आठ दिस झालं, म्हशी त्या उतारावर पाय ठेवत नायत रे. हाकलल्या तरी माघारी फिरतात. डोंगर सुटायचा असंल तर जनावराला आधी कळतं."

सुरेश फासा ठेवून उठला. "बाबा, घरी सांगितलंत का?"

"हसले असते सगळे," काका म्हणाले.

सुरेश आईला वाडीतून इकडे आणायला गेलाय. पाऊस थांबलेला नाही आणि त्याचा फोन लागत नाही.

तुमच्या घरातलं कोणी असंच हसतील म्हणून गप्प आहे का? आजच विचारा.