गाईंची खुशाली

युगांडातल्या म्बरारा गावी, परिचारिका विद्यालयाच्या ग्रंथालयात, बारिग्ये नावाचा साठीतला मदतनीस होता. संशोधनाचे लेख शोधण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तुम्ही नुसतं ‘दारू’ म्हणावं, त्यानं नैराश्य, कुटुंब, पुन्हा पिणं असे फाटे फोडून ढीगभर लेख काढावेत. हाच माणूस सात वर्षांपूर्वी वारागी नावाची कडक दारू ढोसून गटारात लोळायचा, हे सांगूनही कोणाला पटलं नसतं. त्यानं ते सांगितलंही नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काय!

सोमवारी नातुकुंडा धापा टाकत आली. गावाबाहेरच्या व्यसनमुक्ती केंद्रात ती नुकतीच प्रमुख परिचारिका झाली होती. तिथले रुग्ण पहाटे गाईंच्या धारा काढत. नव्या डॉक्टरांना हा गावठी प्रकार वाटे. गाईंमुळे माणसं सावरतात याचा छापील पुरावा शुक्रवारपर्यंत आणा, नाहीतर गाई हलवा, असं त्यांनी बजावलं होतं.

बारिग्येनं सगळं सोडून शोध घेतला. नेमका लेख एकच सापडला, नॉर्वेतल्या एका प्राध्यापिकेचा, आणि तोही कुलूपबंद, पैसे मोजल्याशिवाय न उघडणारा. तेव्हा लेखिकेलाच ईमेलनं पत्र धाडायचं ठरलं. दोन ओळींत मागून मोकळे व्हा, असं नातुकुंडाचं म्हणणं. पण खुशाली न विचारता काम काढणं अंकोलेसारख्या गुराख्यांच्या मुलखातल्या माणसाला कसं जमावं? रात्र कशी गेली, मुलं कशी आहेत, गवत कसं आहे, गाई कशा आहेत, असं करत लेखाची गोष्ट पार तळाशी आली.

“ताता,” बापाच्या वयाच्या माणसाला म्हणतात तसं नातुकुंडा म्हणाली, “प्रोफेसरबाईंना गाईंचं काय विचारता? वेड्यात काढतील आपल्याला.”

“गाईंवर लिहिलंय ना तिनं? मग काय मांजरांचं विचारू?”

गुरुवारी उत्तर आलं. लेख होताच, वर आणखी दोन होते. खाली बाईंनी लिहिलं होतं, ‘लेख पुष्कळांनी मागितला, गाईंची चौकशी तुम्हीच केलीत. त्या मजेत आहेत. तुमच्या कशा आहेत?’

डॉक्टरांनी तिन्ही लेख वाचले आणि जरा कुरकुरत का होईना, गाई राहू दिल्या. नातुकुंडा बातमी सांगायला धावत आली, तेव्हा बारिग्ये नॉर्वेला उत्तर लिहीत होता. तिनं मागून वाचलं. ‘आमच्या केंद्रातली बिहोगो गाय आता म्हातारी झाली असेल. सात वर्षांपूर्वी माझे हात थरथरायचे, तरी तिनं मला धार काढू दिली.’

ती बातमी सांगायचंच विसरली.

“ताता, उद्या पहाटे धार काढायला या,” मग ती म्हणाली. “बिहोगो हल्ली कोणाला हात लावू देत नाही.”