काशीराम धुरींच्या निवट्या

काशीराम धुरी आमच्या विलेपार्ल्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं अटेंडंट होते. मी तिथे शिकवायला लागले तेव्हा मला बुन्सन बर्नर नीट पेटवता येत नव्हता. तो पेटवायला त्यांनी शिकवलं, विद्यार्थ्यांच्या नकळत, माझ्याकडे न बघता. त्यानंतर सतरा वर्षं आम्ही एकाच खोलीत काम केलं, पण त्यांच्या वह्यांबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं.

२०२१ मध्ये ते निवृत्त झाले. लॉकडाऊनमुळे निरोपसमारंभ झालाच नाही. कागदावर सही करून ते दहिसरला घरी गेले. त्यांचे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घर दहिसरच्या चाळीत आलं, ते तिथेच राहिलं. दीड वर्षाने एका सकाळी काशीराम स्टाफरूमच्या दारात उभे दिसले. हातात दोन पिशव्या.

"नेत्रामॅडम, वेळ आहे काय जरा?"

पिशव्यांत विद्यार्थ्यांनी टाकून दिलेली प्रॅक्टिकलची जर्नल होती. त्यातल्या कोऱ्या पानांवर, पेन्सिलीने, बारीक अक्षरात तारखा आणि आकडे. १९९४ पासूनचे.

गोष्ट अशी होती. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी त्यांना प्रॅक्टिकलसाठी निवट्या आणायला पाठवलं होतं. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारत फिरणारा तो डोळे वर आलेला मासा. दहिसर नदी खाडीला मिळते तिथे त्या भरपूर सापडायच्या. काशीराम गेले, आणल्या, पण परतताना त्यांना प्रश्न पडला की इथे एकूण असतील किती. पुढच्या महिन्यात ते स्वतःच गेले. चार खुंट्या, सुतळी, दहा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद चौकोन, ओहोटीला अर्धा तास मोजणी. मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सत्तावीस वर्षं. मुलीच्या लग्नाच्या महिन्यातही चुकलं नव्हतं.

"कोणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"कोणी नाय. एकदा लावलं ना, मग सुटलं नाय."

त्यांच्या आकड्यांत दोन प्रकार होते, मोठी आणि बारकी. बारकीच्या पाठीवरच्या पराला निळी कड असते, असं त्यांनी पहिल्याच पानावर लिहिलं होतं. सुरुवातीला चौकोनात तीस-चाळीस बारक्या असायच्या. २००३ नंतर आकडा उतरत गेला. २००९ च्या नोव्हेंबरात दोन. त्यानंतर प्रत्येक महिन्यासमोर शून्य. बारा वर्षं तो माणूस खाडीत जाऊन शून्य लिहून येत होता.

मी म्हटलं, "काशीराम, हे छापायला हवं. जर्नलमध्ये."

"जर्नलमध्येच तर लिवलंय," ते म्हणाले.

मी समजावून सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "माझं नाव येईल काय त्यात?"

"पहिलं तुमचंच येईल."

वर्षभर दर शनिवारी दुपारी ते यायचे. ते वाचायचे, मी संगणकावर भरायची. शून्यसुद्धा ते मोठ्याने वाचत, एकही गाळू देत नसत. भरतीची वेळ, वारा, पाण्याचा वास, सगळं लिहिलेलं होतं. मी निबंध इंग्रजीत लिहिला आणि मराठीत त्यांना वाचून दाखवला. सगळा नाही. पद्धतीच्या भागातली काही वाक्यं मी ओलांडून गेले. वाटलं, हे त्यांना माहीतच आहे. त्यातलंच एक वाक्य होतं: 'नमुने कॉलेजच्या संग्रहालयात जतन केले आहेत.' दरवर्षी दोन-तीन निवट्या ते फॉर्मालिनच्या एकेका बाटलीत घालून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून लिहिलं. कपाट उघडून पाहिलं नाही.

पाठवायच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. नियतकालिकाच्या पोर्टलवर लेखकाचा हुद्दा निवडायचा होता. यादीत प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी होते. अटेंडंट नव्हता. शेवटी 'इतर' निवडलं. संस्थेचा ईमेल मागत होतं, तो त्यांच्याकडे नव्हता. निवृत्त माणसाला कॉलेज देत नाही. तिथे माझा भरला. मग आलेख धूसर आहेत म्हणून फाइल दोनदा परत आली. चार वाजता एकदाचं 'सबमिट' झालं आणि एक क्रमांक आला. तो त्यांनी कागदावर उतरवून घेतला, दोनदा तपासला.

बाराव्या दिवशी नकार. परीक्षकांकडे न पाठवताच. विषय फार स्थानिक आहे, असं संपादकांचं म्हणणं.

"म्हणजे खाडी लहान पडली आपली," काशीराम फोनवर म्हणाले.

दुसरं नियतकालिक शोधलं. त्यांची मांडणी वेगळी, संदर्भ द्यायची पद्धत वेगळी. अख्खी मे महिन्याची सुट्टी त्यात गेली. तिथून मात्र निबंध परीक्षकांकडे गेला. मग वाट बघणं. दर सोमवारी सकाळी काशीरामांचा फोन.

"काय म्हणतात मॅडम?"

"अजून तपासतायत."

"तपासू दे, तपासू दे. घाई नको करायला."

सात महिन्यांनी उत्तर आलं. पहिल्या परीक्षकाने लिहिलं होतं की इतक्या वर्षांची सलग नोंद क्वचितच बघायला मिळते. ती ओळ मी त्यांना तीनदा वाचून दाखवली. दुसऱ्याचा एकच प्रश्न होता. बारका प्रकार ही वेगळी जात आहे, मोठीची पिल्लं नव्हेत, हे कशावरून? संग्रहालयातल्या नमुन्यांचे क्रमांक आणि फोटो द्यावेत. मुदत साठ दिवस.

मला हायसं वाटलं. मी म्हटलं, "सोपं आहे. बाटल्या काढू, फोटो घेऊ. या उद्या."

ते आले. संग्रहालयाच्या खोलीपर्यंत माझ्यामागून चालत आले आणि दाराशी थांबले.

"मॅडम, बाटल्या नायत."

"नाहीत म्हणजे?"

"सोळा साली कमिटी यायची होती ना तपासणीला. तेव्हा ऑर्डर निघाली, रजिस्टरमध्ये नंबर नाय त्या बाटल्या काढून टाका. माझ्या बाटल्यांना कुठला नंबर? मीच रिकाम्या केल्या. एकावन्न होत्या."

मी कपाट उघडलं. आत चार्ट आणि प्लास्टिकचा सांगाडा होता.

"तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"कोणाला बोलणार? बाटल्या धुवून द्यायच्या होत्या, त्या धुतल्या." मग ते म्हणाले, "तुम्ही पेपरात बाटल्यांचं लिवलंय हे मला ठाऊक असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

ते वाक्य त्यांना वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागलं असतं.

पुढचे दोन महिने आम्ही जे जे सुचलं ते केलं. मी दोन मोठ्या संग्रहालयांना पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याकडे मुंबईच्या निवट्या होत्या, पण आमच्या खाडीतल्या नव्हत्या आणि निळ्या कडेची एकही नव्हती. जुन्या विद्यार्थ्यांकडे फोटो असतील म्हणून फोन केले. दहा जणांना काशीरामकाका आठवत होते, निवट्या कोणालाच नाही.

मग आम्ही जागेवर गेलो. त्यांच्या चौकोनाच्या जागी भराव पडला होता आणि भोवती पत्रे ठोकले होते. आतून डंपरचा आवाज येत होता. वळसा घालून तिवरांच्या बाजूने चिखलात उतरलो. काशीराम साठीतलेच, पण गुडघे गेलेले. दोनदा मला त्यांचा हात धरावा लागला. पूर्ण ओहोटीभर बघत राहिलो. मोठ्या निवट्या होत्या, त्याही थोड्या.

"मॅडम, आपणच लिवलंय ना, ती संपली म्हणून," ते म्हणाले. "मग ती आता मिळणार कशी?"

बरोबर होतं. ती नाहीशी झाली हे सिद्ध करायला ती हातात असायला हवी होती.

मी मुदत वाढवून घेतली आणि शेवटी खरं ते लिहिलं: नमुने २०१६ मध्ये नष्ट झाले, निबंधातलं विधान चुकीचं होतं, चूक माझी. जातीचा दावा आम्ही मागे घेतो, पण मोजणी ग्राह्य धरावी. तीन आठवड्यांनी संपादकांचं सभ्य पत्र आलं. निबंधात एकदा चुकीचं विधान आढळल्यावर आणि नमुने नसताना तो स्वीकारणं शक्य नाही. पुढील संशोधनासाठी शुभेच्छा.

त्याच आठवड्यात मला एक दुसरी मेल आली होती. पैसे भरा, पाच दिवसांत छापून देतो. मी काशीरामांना सांगितलं, कारण लपवायचं नव्हतं.

"ते वाचतात काय आधी?"

"नाही."

"मग नको."

त्यानंतर सोमवारचे फोन थांबले. मी एकदोनदा केला, तर त्यांच्या पत्नीने, प्रेमाताईंनी उचलला. "ह्यांका जरा समजवा मॅडम. चार वर्सां झाली रिटायर होऊन, तरी रविवारी जायत होते खाडीवर. आता घरातच बसान असतत. बोलणत पण नाय."

दिवाळीनंतर मी दहिसरला गेले. प्रेमाताईंनी चहा केला. काशीराम खुर्चीत होते, दाढी वाढलेली. वह्यांचा विषय मीच काढला; संगणकात सगळं सुरक्षित आहे, कधी कोणाला उपयोग होईल, असलं काहीतरी बोलले. त्यांनी मान हलवली. मी बोलत होते ते मला पटत नव्हतं आणि त्यांना ते कळत होतं.

"तुमचं प्रमोशन अडलं नाय ना यात?" त्यांनी विचारलं.

"नाही. बढतीला एक पेपर लागतो, दुसरा एक होता, तो लावला." त्या पेपरात माझं नाव पाचवं होतं आणि मी त्यासाठी फक्त एक तक्ता तपासला होता. हे मी सांगितलं नाही.

"बरं झालं," ते म्हणाले.

मग प्रेमाताईंनी टीव्हीवर बातम्या लावल्या. काशीरामांनी रिमोट मागून घेतला आणि आवाज वाढवला. मी चहा संपवला आणि उठले. दारापर्यंत एकट्या प्रेमाताई आल्या.