बांधावर ओलांडायचं नाही

आमच्या शाळेला मैदान नव्हतं. भाईंदर पश्चिमेला तेव्हा कुठल्या शाळेला होतं म्हणा! फरशीचं एक अंगण, तिथेच प्रार्थना, तिथेच पीटी आणि शिक्षकांच्या स्कूटर लावायची जागाही तीच. अशा शाळेत आमचे विज्ञानाचे सर मुलींना धावायला शिकवायचे. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात असताना स्वतः पळायचे, तेवढ्या भांडवलावर त्यांनी हे लचांड आपणहून गळ्यात घेतलं होतं. स्टाफरूममध्ये त्यांची टिंगल चालायची, ह्यांना घरी काही काम नाही वाटतं.

पळायला आम्ही मिठागरात जायचो, शाळा भरायच्या आधी. दोन्ही बाजूंना खारं पाणी आणि मधून मातीचा बांध, एक माणूस नीट चालेल एवढाच रुंद. सुरुवातीलाच एकदा मी पुढच्या मुलीला मागे टाकायला गेले आणि दोघीही धप्पकन पाण्यात. गुडघे सोललेले, वर मिठाचं पाणी. आई गं, काय झोंबलं म्हणून सांगू! बांधाची कडही ढासळली. मिठागरातला म्हातारा फावडं घेऊन धावत आला.

"बांध फुटला तं कोन बांधनार? तुमचा मास्तर?"

सरांनी त्याच्या हातातलं फावडं घेतलं, पँट वर दुमडली आणि बांध खरंच स्वतः लिंपला. त्या दिवसापासून नियम झाला, बांधावर कुणी कुणाला ओलांडायचं नाही. जी सगळ्यात हळू पळते ती पुढे, जी चपळ ती शेवटी. म्हणजे कुणी मागे एकटी पडायला नको.

शेवटी कोण? मी. रोज पुढच्या मुलीच्या टाचा बघत पळायचं. मला राग यायचा, मी काय गुरं राखायला आलेय? एकदा म्हणालेसुद्धा, "सर, मला रखडायला होतं."

"रखड जरा. दम साठतोय तुझा."

विज्ञानाचा माणूस सांगतोय म्हटल्यावर मला ते पटलं. सरांचं विज्ञान तरी कुठे वर्गापुरतं होतं? घाम खारट का, पोटरीत गोळा का येतो, सगळं बांधावर चालू. दरवर्षी नववीला जडत्वाचा धडा आला की ते एका मुलीला व्हरांड्यातून जोरात पळवत आणि खडूच्या रेघेवर थांबायला सांगत. ती थांबूच शकायची नाही, पुढे जायची, वर्ग हसायचा. "ह्या वर्षी तुला पळवणार," असं त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. मी खूश. बाकी माझ्याकडे होतं काय? गणितात काठावर पास, गळा नाही, रूप बेताचं. पळताना मात्र मी कुणीतरी असायचे.

त्याच वर्षी मोठ्या बाईंनी सरांना बजावलं. जिल्ह्याच्या शर्यतीतून एक तरी मुलगी पुढे गेली तर हे पळणं चालू ठेवा, नाहीतर सकाळी दहावीचे जादा तास घ्या. सरांनी आमच्यापासून हे लपवलं नाही. बांधावर सगळ्यांना उभं करून सांगितलं आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. पुढे फक्त पहिली येणारी जाणार होती.

ठाण्याचं मैदान बघून माझे डोळेच फिरले. एवढी जागा! पंधराशे मीटर. एक उंच मुलगी सुरुवातीलाच पुढे गेली आणि मी तिच्या मागे लागले. बाकीच्या गळत गेल्या. शेवटच्या फेरीला आम्ही दोघीच होतो. तिची मान हलायला लागली होती, पाय जड पडत होते, श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. आणि मी? मी अगदी मजेत. तिच्या टाचा बघतेय आणि पळतेय.

"बाहेरून जा! ओलांड तिला! ओलांड!" सर कठड्यापाशी ओरडत होते. मला नीट ऐकू येत होतं. माझ्या उजव्या हाताला मैदान मोकळं पडलं होतं, बैलगाडी गेली असती. पण मधे चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ होती, मिठागराच्या कडेला साचते तशी, आणि माझा पाय काही केल्या तिच्यापलीकडे पडेना. आत्ता जाते, ह्या वळणानंतर जाते, असं मनात म्हणत राहिले. शर्यत संपली. ती पहिली आली आणि तिथेच कोसळली. मी उभी होते.

सर आले. नेहमीप्रमाणे माझं मनगट धरून नाडी बघायला लागले. घड्याळाकडे बघत होते, मग घड्याळ सोडून माझ्याकडे बघायला लागले.

"दम लागला नाही तुला?"

"नाही, सर."

त्यांनी हात सोडला. त्यांचा चेहरा असा झाला की ओरडले असते तर बरं, मारलं असतं तर बरं. "तुझी चूक नाही," ते म्हणाले. "मीच शिकवलं तुला हे. जा, कपडे बदल." आणि पायरीवर बसून बुटाची नाडी सोडून परत बांधत राहिले.

जादा तास सुरू झाले. सकाळी आता सर फळ्यापाशी. त्यांची पळवायची शिट्टी प्रयोगशाळेतल्या खिळ्याला लटकली ती लटकलीच. मिठागराकडे परत कुणी गेलं नाही. घरी आई म्हणाली, "जाऊ दे गं, दुसरी आलीस हे काय थोडं?" तिला कसं सांगू, की मी हरलेच नव्हते, मी नुसती मागे राहिले होते?

मग जडत्वाचा धडा आला. मागच्या बाकांवरून आधीच "सर, पळवा ना!" सुरू झालं. मी ओढणी खोचून तयार होते. वाटलं, आज तरी माझ्याकडे बघतील. सरांनी पुस्तक उघडलं.

"समजा, एक प्रवासी बसमध्ये उभा आहे," ते म्हणाले.

मी ओढणी सोडली आणि वहीत प्रवासी लिहिला. त्या दिवशी माझ्या आत जे विझलं ते विझलं. कॉलेजात मैदान होतं, मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही.

पुष्कळ वर्षांनी, नोकरीत असताना, सकाळी उद्यानात चालायला जायचे. एकदा पुढे एक म्हातारे गृहस्थ चालले होते, हातात दुधाची पिशवी, पाऊल अगदी सावकाश. खांद्यावरून ओळखलं, सर. पायवाट चांगली रुंद होती, तरी मी त्यांच्या मागे त्यांच्याच चालीने चालत राहिले. हाक मारायची होती, पुढच्या वळणावर मारू म्हटलं. मागे पावलं ऐकून ते थांबले, वळून न बघता कडेला गवतावर सरकले, कुठल्याही परक्या माणसासाठी सरकावं तसे.

"जा पुढे. जागा आहे."

मी तिथेच, त्यांच्या मागे उभी राहिले.