सुनंदाताई आणि काचेचं कपाट

सुनंदाताई गेल्या, आणि कॉलेजच्या ग्रुपवर सकाळपासून नुसते हात जोडलेले इमोजी पडताहेत.

मीही एक टाकला. मग स्वतःचीच लाज वाटली, म्हणून इथे फेसबुकवर लिहितोय.

ताई आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या असिस्टंट. मोशी गावातल्याच, तिथल्या जुन्या घराण्यातल्या. मी त्याच लॅबमध्ये नेटवर्किंग शिकवतो, कॉन्ट्रॅक्टवर.

शिकवतो म्हणजे काय, फळ्यावर राउटरची चौकट काढायची, पोरांनी ती जर्नलमध्ये उतरवायची. झालं प्रॅक्टिकल.

मग चाकणच्या एका कंपनीने नवी सिस्टीम बसवली आणि जुने राउटर, स्विच, केबलची भेंडोळी आम्हाला देऊन टाकली. टेम्पो आला त्या दिवशी मी नाचायचाच काय तो बाकी होतो.

प्रिन्सिपल सरांनी सगळ्याला हार घातला, देणगीदाराच्या नावाची पाटी लावली आणि काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. तपासणीची कमिटी आली की दाखवायला. रजिस्टरला नोंद झालेली वस्तू बिघडली तर उत्तर कोण देणार?

आठ महिने पोरं काचेतून बघत होती. फळ्यावरची चौकट चालूच.

एका शनिवारी मी ताईंपाशी कुरकुरलो. त्यांनी पर्समधून चाव्यांचा जुडगा काढला.

मग दर शनिवारी, सर घरी गेले की कपाट उघडायचं. ताई केबलला क्लिप लावायला शिकल्या, पोरांपेक्षा सफाईने. पहिल्यांदा एका मशीनला दुसऱ्याचं उत्तर आलं तेव्हा पोरांनी बाकं बडवली. ताई त्यांना गप्प करता करता स्वतःच हसत होत्या.

आणि मग मी माती खाल्ली.

एका राउटरचा अडॅप्टर आलाच नव्हता. एका शनिवारी, पोरं यायच्या आधी, मी दुसऱ्याचा लावला. व्होल्टेज वाचलं नाही. मी, नेटवर्किंगचा मास्तर! धूर निघाला, खोलीभर जळका वास.

सोमवारी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावणं आलं. दाराबाहेर ताई हळूच म्हणाल्या,

"सर, तुमचं कॉन्ट्रॅक्ट मे महिन्यात संपतंय. माजी नोकरी पक्की हाय. मला काय काढत न्हाईत. तुमी गप ऱ्हावा."

मी गप्प राहिलो.

ताईंना मेमो मिळाला आणि लॅबमधून थेट बोनाफाईडच्या खिडकीवर बदली. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं.

पुढे कमिटी आली. त्यांनी विचारलं, पोरं हे वापरतात का? पोरांनी उभ्या उभ्या सगळं जोडून दाखवलं. तेव्हापासून कपाटाला कुलूप नाही. शाल मला मिळाली.

ताई खिडकीतून विचारायच्या, पोरं नीट जोडत्यात का? मी हो म्हणून सटकायचो. शाल मिळाली त्या दिवशी तर त्या बाजूने गेलोच नाही.

आज लॅब घेतली. उरलेले सगळे राउटर चालू, खोलीत तीस पोरं, आणि मला भयंकर एकटं वाटलं. खरं काय झालं ते माहीत असलेलं, माझ्याशिवाय, एकच माणूस होतं.

प्रिन्सिपल सर, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, वाचालच.

राउटर मी जाळला. मेमो माझ्या नावावर काढा. ताईंच्या फाइलमध्ये तो राहायला नको.

ताई, फार उशीर केला मी.

माफ करा. सुखाने जा.