पुढील सूचना मिळेपर्यंत

काकू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होत्या, तरी सगळा विभाग त्यांना काकू म्हणायचा आणि मीही म्हणायचो. आमच्या संशोधन संस्थेत रोगजंतू जिवंत ठेवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. ज्या जंतूने माणूस मरतो, त्याला जपायचं कशाला? पण तो मेला तर त्याच्याबद्दल शिकायचं कोणाकडून?

त्यांची खोली तळमजल्यावर, जिन्याला लागून. एक लांब टेबल, गॅसचा बर्नर, टोकाला बारीक वेटोळं असलेली तार आणि लाकडी स्टँडमध्ये ओळीने उभ्या काचेच्या नळ्या. नळीत जेलीसारखं घट्ट अन्न आणि तोंडाला कापसाचा बोळा. काकू तार लाल होईपर्यंत तापवायच्या, गार होऊ द्यायच्या, जुन्या नळीतून कणभर जंतू उचलून नव्या नळीत रेघ ओढायच्या. "चला, नवं घर," असं पुटपुटायच्या. मग रजिस्टरमध्ये तारीख, नंबर, सही. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक नळी फुटली नाही की एक नंबर चुकला नाही. तार तापवताना त्या कोणाशी बोलत नसत. संचालक आले तरी.

त्यांचे यजमान शिवणकाम करायचे. एकदा त्यांना न्यायला फाटकाशी आले होते, तेव्हा मला म्हणाले, "डॉक्टर, पुढच्या जन्मी मला जंतू करा. जेवण तरी वेळेवर मिळेल."

"जंतू ताटावर बसून पेपर वाचत नाहीत," काकू म्हणाल्या.

आमचा सगळ्यात महत्त्वाचा जंतू म्हणजे सत्तावीस नंबर. रस्त्यापलीकडच्या इस्पितळातल्या एका लहान मुलीच्या जुलाबातून तो मिळाला होता. मुलगी दोन दिवसांत गेली. या जंतूच्या अंगावर बारीक केस असतात आणि त्यांनी तो आतड्याची भिंत घट्ट धरून ठेवतो, हे मी दाखवलं. काचेच्या बशीत आतड्याच्या पेशींचा थर वाढवायचा, वर जंतू सोडायचा आणि तीनदा धुवायचं. बाकीचे जंतू वाहून जायचे. सत्तावीस गोचिडासारखा चिकटून राहायचा. माझ्या हातून आयुष्यात एवढं एकच काम म्हणावं असं झालं.

त्यानंतर वर्षभराने आमचा मोठा फ्रीझर बंद पडला. सुट्टीचे दोन दिवस होते, कोणाच्या लक्षात आलं नाही. आत गोठवून ठेवलेल्या सत्तावीसच्या सगळ्या कुप्या वितळून वाया गेल्या. वाचला तो फक्त काकूंच्या टेबलावरच्या नळीतला. मी इतका घाबरलो होतो की जिन्यातूनच ओरडलो, "काकू, याला आता फ्रीझरमध्ये घालायचा नाही. दर दहा दिवसांनी नव्या नळीत घ्या. मी सांगेपर्यंत."

"बरं," काकू म्हणाल्या.

आठ महिन्यांनी नवा फ्रीझर आला. काकू वर माझ्या खोलीत येऊन दारात उभ्या राहिल्या. "डॉक्टर, सत्तावीस आता गोठवायचा का?"

मी कुठल्याशा लेखाची दुरुस्ती करत होतो. मान वर न करता म्हणालो, "बघू."

पुढे मी ते विसरलो. लिहायला ही फार छोटी गोष्ट आहे. मला आठवतं, काकू क्षणभर थांबल्या होत्या.

चौदा वर्षं गेली. त्या वर्षांत आम्ही सत्तावीसच्या अंगावरचे केस वेगळे काढून त्यांच्यावर काम केलं, ते सुरुवातीलाच भरपूर काढून ठेवले होते. जंतू खरंच धरतो का, हे पुन्हा कोणी पाहिलं नाही. एकदा सिद्ध झालेलं पुन्हा कोण बघतो? अखेर आम्ही एक औषधी पेय तयार केलं. ते प्यायल्यावर जंतूची पकड सुटावी आणि तो वाहून जावा, अशी कल्पना. इस्पितळातल्या मुलांना ते देऊन पाहण्याची परवानगी हवी होती. समितीने सांगितलं, आधी आमच्यासमोर दाखवा, पेयाशिवाय जंतू धरतो आणि पेय घातलं की सुटतो. अकरा आठवडे दिले. काकूंच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने होते.

आमच्याकडे नवी आलेली एक संशोधक होती, काकूंच्या मुलीएवढी. तिने बशी तयार केली, सत्तावीस सोडला, तीनदा धुतलं आणि मला हाक मारली. मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पेशी लख्ख. जंतू एकही नाही. पेय अजून घातलंही नव्हतं.

तिने पुन्हा केलं, मी केलं, मग दोघांनी मिळून केलं. पाच दिवसांनी ती माझ्याकडे आली आणि दार लावून म्हणाली, "सर, याच्या अंगावर केसच नाहीत. आयतं अन्न मिळालं की केस बाळगणं त्याला ओझंच होतं. ज्याने ते टाकले तो जास्त वाढतो, नव्या नळीत तोच जास्त जातो. हा किती वेळा नळ्या बदलून वाढवलाय?"

आम्ही खाली गेलो. काकूंनी अभिमानाने रजिस्टरं काढली. पाचशेहून जास्त वेळा. एकही दहावा दिवस चुकला नव्हता. मुलीच्या लग्नाच्या आठवड्यातसुद्धा अर्धा तास येऊन गेल्या होत्या.

त्या नव्या संशोधक मुलीने त्यांना समजावून सांगितलं, फार हळू आवाजात. काकूंनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे मी त्याला घरजावई केला," त्या म्हणाल्या. "बसल्या जागी ताट आणून दिलं. दात पडले मेल्याचे."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग शोध सुरू झाला. ज्या दोन प्रयोगशाळांना आम्ही पूर्वी सत्तावीस पाठवला होता त्यांना पत्रं लिहिली. एकीने तो कधीच टाकून दिला होता. दुसरीने पाठवला, तोही आमच्यासारखाच बोडका. इस्पितळाकडून सत्तर मुलांचे नमुने आणले. जुलाब त्यांनाही होते, पण जंतू दुसरे होते. सहा आठवडे संपले. काकूंचं जेवण सुटलं होतं. डबा यायचा आणि तसाच जायचा.

सातव्या आठवड्यात त्या सकाळी धावत वर आल्या. जिना चढून त्यांना धाप लागली होती. हातात बिस्किटांचा गंजलेला डबा.

"डॉक्टर, या पहा! सत्तावीस पहिल्यांदा आला तेव्हा तुम्ही मला नळ्या मेणाने बंद करायला शिकवलं होतंत. सरावासाठी बारा केल्या होत्या. वाकड्या झाल्या म्हणून लाजून कपाटात मागे लपवल्या होत्या मी."

अशा बंद नळीत, अंधारात, जंतू वर्षानुवर्षं निपचित जगू शकतो. मी मेणाच्या त्या वाकड्या टोप्या एकेक करून मोजल्या.

बाराही नळ्या काकूंनीच उघडल्या. रोज सकाळी त्या सगळ्यांच्या आधी येऊन उबवणीच्या कपाटासमोर उभ्या राहायच्या. दहा नळ्यांतून काहीच आलं नाही. अकरावीत बुरशी आली. बाराव्या नळीच्या बशीत चौथ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला. काकूंनी मला, त्या मुलीला आणि झाडूवाल्या बाईंना हात धरून तो दाखवला. "जगला! म्हातारा जगला!"

दोन दिवसांनी कळलं, तो सत्तावीस नव्हता. माणसाच्या कातडीवर असतो तसला साधा जंतू होता.

"माझ्याच हाताचा असणार," काकू म्हणाल्या. त्यांनी आपले हात पुढे धरून पाहिले आणि मग बाजूला जाऊन धुतले. बराच वेळ धूत होत्या.

समिती आली त्या दिवशी मोठ्या खोलीत सात-आठ माणसं होती. मी पेन्सिलीने कागदाच्या कोपऱ्यावर चौकोन काढत होतो. समितीच्या अध्यक्षांनी काकूंना विचारलं, "फ्रीझर असताना हा जंतू इतकी वर्षं नळ्यांत वाढवत ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

मला सगळं आठवलं. जिन्यातलं माझं ओरडणं आठवलं, दारातल्या त्या आठवल्या, ते "बघू" आठवलं. जिभेच्या टोकावर वाक्य तयार होतं. आयुष्यभर मी चारचौघांत बोलायला बिचकत आलो. लोक त्याला साधेपणा म्हणायचे. त्या खोलीत मला कळलं की त्याचं खरं नाव दुसरं आहे. मी चौकोनात आणखी एक चौकोन काढला.

"मीच ठरवलं," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, ताजा ठेवावा."

अहवालात आलं: 'संबंधित कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा'. पेयाचं काम बंद झालं. माझा जुना लेख शंकास्पद ठरला, पण माझी जागा राहिली. काकूंना निरोपसमारंभ झाला नाही. त्यांनी नको म्हटलं असं मला सांगण्यात आलं आणि मी विचारायला गेलो नाही.

त्यांची खोली रिकामी करताना मी जुनी रजिस्टरं चाळली. फ्रीझर बंद पडला त्या आठवड्याच्या पानावर, नळ्यांना लावतात तसली पांढरी चिकटपट्टी होती. पट्टी नवी, पान पिवळं. मी नखाने ती सोडवली. खाली काकूंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'सत्तावीस नंबर. डॉक्टरांच्या तोंडी सांगण्यावरून दर दहा दिवसांनी नवी नळी. पुढील सूचना मिळेपर्यंत.'

मी त्यांच्या घरी गेलो. यजमान आत मशीनवर होते. काकूंनी दार उघडलं, हातातल्या रजिस्टरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढील सूचना घेऊन आलात वाटतं."

मला बसायचंही सुचेना. "काकू, ही पट्टी..."

"मीच लावली. रजिस्टर स्वतःहून थोडंच लावणार? समितीसमोरून खाली आले आणि लावली."

"का?"

"तुम्हा डॉक्टरांची निवृत्ती उशिरा. तुमची तीन वर्षं होती अजून. हाताखाली आठ माणसं. माझे राहिले होते काही दिवस. गणित सोपं होतं." मग म्हणाल्या, "पण मी वाट पाहिली हं, डॉक्टर. त्या साहेबांनी विचारल्यावर मी वाट पाहिली. तुम्हाला पेन्सिल सुटेना."

आतून मशीनचा आवाज थांबला.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मी उद्याच संचालकांना सांगतो."

"तोंडी?"

"हो, समोर जाऊन सांगतो."

"नको. तोंडी सांगण्याचं काय होतं ते पाहिलंत ना? लिहून द्या."

त्यांनी टेबलावरची कात्री आणि कापड सारलं, कागद ठेवला. मी लिहीत असताना त्या खांद्यामागे उभ्या होत्या, नळ्या तपासत असल्यासारख्या. "तारीख चुकली. फ्रीझर बंद पडला ती अकरा नाही, चौदा." मी खोडून चौदा केलं. "आणि 'बघू' म्हणालात ते लिहा. मी वर आले होते ते येऊ दे त्यात. मी विचारलं होतं, डॉक्टर. मी विचारलं होतं."

मी लिहिलं. सही केली. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "आणि तो? कुठेच नाही मिळाला?"

"नाही, काकू."

संचालकांनी कागद पूर्ण वाचला, घडी घातली आणि खणात ठेवला. "आता कशाला उकरून काढता, डॉक्टर? मिटलंय सगळं." मी उभाच राहिलो, तेव्हा म्हणाले, "बघू."

दहा दिवसांनी काकूंचा फोन आला. त्यांनी विचारलं तेव्हा मी तो शब्द सांगितला. त्या हसायला लागल्या, इतक्या की ठसका लागला. मग हसण्याचा आवाज बदलला आणि यजमानांनी फोन घेतला.

मी पुन्हा दोन पत्रं दिली. उत्तर आलं नाही. मग मीही निवृत्त झालो. गेल्या वर्षी काकू गेल्या. संस्थेच्या कागदांत त्यांच्या नावापुढे 'निष्काळजीपणा' हा शब्द अजून तसाच आहे. मला लिहिण्याची सवय नाही आणि हे नीट जमलं आहे असंही वाटत नाही. पण तारखा तपासल्या आहेत. चौदाच.